अपिलाची मुदत

प्रस्ताव अर्जात एक प्रश्न असतो. कंपनी कुठलीही असो, शब्द थोडे इकडचे तिकडे, प्रश्न तोच: ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल अशी एखादी घटना आपल्याला माहीत आहे का? त्याच्या आधीचे रकाने डॉक्टर झरझर भरतात. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, खाटा किती, हाताखाली माणसं किती. या प्रश्नाशी आलं की पेन थबकतं. मिरजेत डॉक्टरांचे विमे करण्यात माझी जवळजवळ तीस वर्षं गेली, आणि हे थबकणं मी टेबलाच्या अलीकडे बसून शेकडो वेळा पाहिलंय. कुणी चष्मा पुसायला घेतो. कुणी आतल्या मुलाला हाक मारून चहा सांगतो, मघाशीच चहा झालेला असताना. एका वयस्कर सर्जननी पेन खाली ठेवून मला विचारलं होतं, "म्हणजे माझ्या लक्षात राहिलेले पेशंट लिहायचे, की ज्यांच्या लक्षात मी राहिलोय ते?" मग स्वतःच हसले आणि 'नाही' लिहिलं.

माहीत असून लपवलं तर त्याच घटनेचा दावा कंपनी पुढे नाकारते, हे मी दर वेळी सांगतो. डॉक्टर मान डोलावतात आणि 'नाही' लिहितात.

मी एजन्सी घेतली १९९६ साली. तसा मुहूर्त बरा साधला होता. आदल्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची 'सेवा' आहे. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. वानलेससाहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून सुरुवात, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज, आणि पार कर्नाटकातून रेल्वेने येणारे पेशंट. सतारीच्या दुकानांच्या मागच्या गल्लीतही दोन नर्सिंग होम सापडतील. त्या निकालाने सगळे दुखावले होते. "मिक्सर बिघडला म्हणून दुकानदाराला ओढतात तिथंच आम्हाला ओढणार?" असं एका फिजिशियननी मला उभं ठेवून ऐकवलं, जणू निकाल मीच लिहिला होता. आणि मग हळूच विचारलं, "हप्ता किती बसेल?"

गंमत अशी की डॉक्टरांवरचे दावे काही १९९५ ला जन्मले नाहीत. आमच्या पॅनेलवरचे वकील नव्या डॉक्टरांना हमखास एक जुना खटला सांगतात. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ मध्ये एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवलं आणि मुलगा गेला. बापाने दिवाणी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९६८ उजाडलं, आणि भरपाई ठरली तीन हजार रुपये. पंधरा वर्षं आणि तीन हजार. ग्राहक मंचाने केलं काय, तर ही पायरी उतरती केली. कोर्ट फी नावापुरती, वकील हवाच असं नाही, साध्या कागदावर तक्रार.

(वकिलांचं मात्र बरं आहे. १४ मे २०२४ च्या निकालाने त्यांना या कायद्यातून बाहेर ठेवलं. आमच्या वकीलसाहेबांना मी म्हटलं, "तुम्ही सुटलात, डॉक्टर अडकले." ते म्हणाले, "आम्ही अशिलाच्या हुकमाने चालतो हो. डॉक्टर पेशंटच्या हुकमाने चालतो का?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.)

हा विमा कळायला अवघड नाही, पण त्यात एक मेख आहे. गाडी ठोकली त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढंच गाडीच्या विम्यात बघतात. इथे दोन तारखा जुळाव्या लागतात. दावा आला ती तारीख चालू पॉलिसीच्या मुदतीत हवी, आणि ज्या उपचारावरून दावा आला तो उपचार पहिली पॉलिसी घेतली त्या तारखेनंतरचा हवा. या पहिल्या तारखेला आम्ही रेट्रो डेट म्हणतो. मधल्या वर्षांत एकही खंड पडता कामा नये. पडला की रेट्रो डेट गेली. नवी पॉलिसी म्हणजे पाटी कोरी, मागची सगळी ऑपरेशनं उघड्यावर. बाकीच्या गोष्टी त्या मानाने किरकोळ. एका घटनेला किती आणि वर्षाला मिळून किती, हे प्रमाण ठरवायचं. नुसतं तपासून गोळ्या देणाऱ्याचा हप्ता कमी, चाकू धरणाऱ्याचा जास्त, भूल देणाऱ्याचा साधारण त्याहून जास्त. दंड झाला तर तो कंपनी भरत नाही, आणि दारू पिऊन ऑपरेशन केलं तर काहीच भरत नाही.

खंडाची मेख मी इतकी घोकून सांगतो, कारण ती माझ्याच हातून एकदा रुतली आहे.

एका अस्थिरोगतज्ज्ञांनी वसुबारसेच्या दिवशी मला चेक दिला. पॉलिसी धनत्रयोदशीला संपत होती. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी एजंटाला तोंडपाठ असतं: हप्ता कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, आणि एजंटाने घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून चोवीस तासांत जमा करायचा. चेक मी डायरीत ठेवला आणि डायरी बॅगेत. बायको-मुलांना घेऊन सासुरवाडीला गेलो. फराळ, उटणं, मेव्हण्याची नवी गाडी. भाऊबीज करून परतलो आणि चेक भरला. ऑफिसने त्या तारखेपासून पॉलिसी दिली. रेट्रो डेटच्या रकान्यात त्याच दिवसाची तारीख छापून आली होती. ती मी पाहिली नाही. डॉक्टरांनी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पॉलिसी वाचणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

चौदा महिन्यांनी त्यांना नोटीस आली. त्या दिवाळीच्या आधीच्या पावसाळ्यात बसवलेली पायातली प्लेट, जंतुसंसर्ग, पुन्हा दोन ऑपरेशनं. दावा कंपनीकडे गेला आणि नाकारल्याचं पत्र आलं. पत्राची प्रत मला मिळाली आणि डायरीतला तो चेक डोळ्यांपुढे उभा राहिला. सही हिरव्या शाईची होती, हेसुद्धा आठवलं.

त्या दिवशी मी फोन केला नाही. संध्याकाळची ओपीडी संपेपर्यंत बाकावर प्लॅस्टरवाल्या पेशंटांच्या रांगेत बसलो आणि शेवटी आत जाऊन सांगितलं, "डॉक्टर, चूक माझी आहे." सगळं सांगितलं, सासुरवाडीसकट. ते बराच वेळ एक्स-रेच्या उजेडाच्या पेटीकडे बघत होते. पेटी चालू होती आणि तिच्यावर फिल्म नव्हती. त्यांना माझ्यावर त्याच मंचात तक्रार करता आली असती. 'सेवेतील त्रुटी' म्हणतात ती हीच, आणि माझ्या चुकीचा विमा माझ्याकडे नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही फोन न करता आलात, त्यामुळे ओरडायचं राहून गेलं." तडजोडीची रक्कम त्यांनी खिशातून भरली. माझं कमिशन मी त्यांना पुढली काही वर्षं परत करू पाहिलं. ते बेकायदा आहे हे त्यांनीच मला सांगितलं. चेक मात्र तेव्हापासून मुदतीच्या महिनाभर आधी येतो, आणि सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एकच शब्द असतो: 'वसुबारस'.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

२०१४ च्या मार्चमधली गोष्ट. आमच्याकडे एक प्रसूतितज्ज्ञ आहेत. त्यांना सगळं गाव 'बाई' म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्याकडे जत तालुक्यातली एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. मध्यरात्रीनंतर मूल झालं, मूल चांगलं रडलं, आणि त्या मुलीचा रक्तस्राव थांबेना. इंजेक्शनं झाली, रक्त चढलं, शेवटी गर्भाशय काढायला घेतलं. पहाटे ती गेली. नातेवाइकांनी काचा फोडल्या नाहीत. पोलीस आले, जबाब झाले, कागद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे गेले. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावण्याआधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवलंय. समितीला गुन्ह्यासारखं काही दिसलं नाही. ते प्रकरण तिथे मिटलं.

पण त्याच्या आधी, सहाव्या-सातव्या दिवशी, बाईंचा मला फोन आला. "काका, मी दहाव्याला जाऊन येऊ का?"

मी ताबडतोब गेलो. बॅगेतून पॉलिसी काढली आणि त्यातलं कलम बोट ठेवून दाखवलं. कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, कुठलं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "मी काही कबूल करायला नाही चालले. नुसती भेटून येते."

"आणि तिथं तुम्हाला रडू आलं तर? कुणी मोबाइलवर घेतलं तर?"

हे मीच बोललो. आवाज चढवून नाही, काळजीनेच बोललो. शिवाय आदल्याच ऑक्टोबरमध्ये कोलकात्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा कोटींच्या आसपास भरपाई दिली होती, वर व्याज वेगळं. सगळ्या डॉक्टरांनी विम्याची मर्यादा वाढवून घेतली होती, बाईंनीही दहा लाखांची पन्नास केली होती. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला. बाई गेल्या नाहीत. टेबलावर एका पिशवीत बाळासाठी घेतलेलं दुपटं होतं. ते त्यांनी कपाटात ठेवलं.

तक्रारीला मुदत दोन वर्षांची. एकवीस महिने झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. बाविसाव्या महिन्यात रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. तक्रारदार: नवरा आणि दोन अज्ञान मुलं. सामनेवाले क्रमांक १ बाई, क्रमांक २ भूलतज्ज्ञ, क्रमांक ३ विमा कंपनी. बाईंनी त्याच दुपारी कळवलं हे नशीब. नोटीस आली की म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसावा दिवस उलटला की म्हणणं घेत नाहीत. पुढे २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं. माझ्या एका डॉक्टरांनी नोटीस औषध कंपन्यांच्या कॅलेंडरांखाली ठेवून दिली होती आणि दोन महिन्यांनी "हे एक काहीतरी आलंय" म्हणून मला दाखवली होती. त्यांचं काय झालं ते सांगत नाही.

मग कागद. संमतीपत्र इंग्रजीत छापलेलं, खाली अंगठा. ते बघून वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंच्या स्वतःच्या नोंदी सकाळी एका दमात लिहिलेल्या. सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीतल्या, आणि तशा वेळांवर कुणाचा विश्वास बसत नाही. आम्हाला वाचवलं ते रात्रपाळीच्या सिस्टरने. टीपीआर चार्टच्या पाठकोऱ्या बाजूला तिने बॉलपेनने लिहून ठेवलं होतं. १.५२, ब्लीडिंग प्लस प्लस, मॅडम इन्फॉर्म्ड. १.५४, मॅडम आल्या. २.०३, ब्लड बँकला फोन. २.२१, भूलवाले सर आले. मधल्या एका ओळीवर तपकिरी डाग होता, बहुधा बीटाडिनचा. बहुधा म्हणतो, कारण मी तो निरखून पाहायचं टाळलं. वकीलसाहेब तो कागद खिडकीशी धरून म्हणाले, "ही सिस्टर म्हणजेच तुमची पॉलिसी." सिस्टर तोवर नोकरी सोडून लग्न होऊन पुण्याला गेली होती. तिचं प्रतिज्ञापत्र घ्यायला मीच गेलो. आपण लिहिलेल्या चार ओळींना इतकी किंमत येईल हे तिला खरं वाटत नव्हतं. तिला भीती ही, की चार्टच्या मागे लिहिलं म्हणून कुणी रागावेल.

सांगलीला तारखा सुरू झाल्या. तिथल्या तारखांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्याने भोगल्यात त्याला सांगायला नको. पण एक दुपार सांगतो. बोर्ड लांबला होता. मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारा, पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी. त्याने तंबाखूची चंची पुढे केली. मी खात नाही म्हटलं. त्याने विचारलं, "तुमचं बी डाक्टरवरच हाय का?" मी मान हलवली. होय की नाही, हे मान हलवताना मलाही माहीत नव्हतं. त्याला वाटलं मीही कुणावर तक्रार घेऊन आलोय. मग तो बोलत गेला. ती त्याची मुलगी. जावई तक्रारदार, पण जावयाला शेती सोडून येणं जमत नाही म्हणून तारखेला हाच येतो, पहाटेच्या एसटीने.

"पैशाचं न्हाई वो," तो म्हणाला. "बाईंनी लई धडपड केली, म्या डोळ्यांनी बगितलंय. अनवाणी पळत हुत्या. पण मागनं एकदा घराकडं आल्या असत्या तर ह्ये कायबी केलं नसतं. वाट बगितली आमी. दहाव्याला बगितली, तेराव्याला बगितली. मग गावात लोक म्हणाय लागले, चूक केली आसंल म्हणूनच तोंड दावंनात."

पुकारा झाला आणि तो उठून आत गेला. मी काहीच बोललो नाही. आत पुढची तारीख मिळाली.

हे मी बाईंना सांगितलं नाही. केस चालू होती. सांगितलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी गाडी काढून निघाल्या असत्या, आणि मग कलम होतंच. असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे 'दहाव्याला वाट बघितली' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची मला छाती नव्हती. प्लेटवाल्या डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा मला अडवणारं कुठलंच कलम नव्हतं. बाईंच्या वेळी कलमाचं बोट मीच झालो होतो.

निकाल २०१९ च्या जानेवारीत लागला. तक्रार फेटाळली. निकालपत्रात सिस्टरच्या वेळा जशाच्या तशा उतरवल्या होत्या. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत हवं होतं, एवढा एक ताशेरा. वकीलसाहेबांनी फोनवरच अभिनंदन केलं. मी निकालाची प्रत घेऊन बाईंकडे गेलो, आणि त्यांनी ती वाचून घडी घातल्यावर व्हरांड्यातलं सगळं सांगितलं. तंबाखूसकट.

त्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "अपिलाची मुदत किती?"

"तीस दिवस."

भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांनी दिवस मोजले आणि एका चौकोनाला गोल केला. मी त्यांना सांगितलं की उशीर माफ होतो, तेव्हा वकीलसाहेबांचं म्हणणं आणखी तीन-चार महिने थांबावं. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

गोल केलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी माझ्या दारात उभी होती. बाई स्वतः चालवत होत्या. मागच्या सीटवर ती पिशवी होती. पाच वर्षांच्या मुलाला दुपटं कशाला, असं माझ्या ओठांवर आलं, मी गिळलं. कवठेमहांकाळ मागे पडलं तशी हिरवळ विरळ होत गेली. मी पॉलिसीची बॅग नेहमीच्या सवयीने मांडीवर घेतली होती. तिचं तिथे काही काम नव्हतं. घर विचारत विचारत पोचलो. बाईंनी गाडी मारुतीच्या देवळापाशी लावली, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा, काका. मी जाते." दारात एक बाई आली, तिने आत कुणाला तरी हाक मारली, मग दार मोठं उघडलं. पुढचं मला दिसलं नाही.

अर्धा तास झाला असेल. देवळाच्या बाजूने म्हातारा हातात विळा घेऊन वैरणीचा भारा वाहून आणत होता. गाडी बघून थांबला, भारा टेकवला आणि काचेत डोकावून बघू लागला. मी काच खाली केली. त्याने मला ओळखलं. चेहरा उजळला त्याचा.

"आवो, तुमी? हिकडं कसं?" आणि मग आवाज खाली आणून, आपुलकीने, "तुमच्या त्या केसचं काय झालं?"

मी बॅग सीटवर ठेवली आणि दार उघडून खाली उतरलो.